ठोकळ्यांची महागडी मोटार घ्यावी का? सोलापुरातील संग्राहकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

लेगो टेक्निक, म्हणजे ठोकळे, पिना व दातेरी चक्रे जोडून यंत्रे बांधण्याचा खेळ. त्यातल्या मोठ्या मोटारीची किंमत घरात कळली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या पैशांत जुनी का होईना, पण चालती दुचाकी आली असती, मग हे खेळणे कशाला? प्रश्न रास्त आहे. ‘हौसेला मोल नसते’ असे म्हणून तो टाळता येतो, पण सुटत नाही, कारण मोल हौसेलाही असतेच. ते नेमके कशासाठी मोजायचे, हे पैसे देण्यापूर्वी ठरवावे लागते. पुढील विवेचन त्यासाठी आहे. उदाहरणे मुख्यतः १:८ प्रमाणातील, म्हणजे खऱ्या मोटारीच्या एक अष्टमांश लांबीच्या, मोटारींची घेतली आहेत, कारण प्रौढ संग्राहकांचा सर्वाधिक काथ्याकूट याच मालिकेवरून होतो.

या मालिकेची सुरुवात २०१६ मध्ये नारिंगी रंगाच्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसने झाली. त्या संचात २,७०४ सुटे भाग होते आणि अमेरिकेतील किंमत सुमारे ३०० डॉलर होती. २०१८ मध्ये ३,५९९ भागांची बुगाटी शिरॉन ३५० डॉलरला, २०२० मध्ये ३,६९६ भागांची लॅम्बोर्गिनी सियान ३८० डॉलरला, २०२२ मध्ये ३,७७८ भागांची फेरारी डेटोना एसपी३ ४०० डॉलरला आणि २०२४ मध्ये ३,८९३ भागांची मॅकलॅरेन पी१ ४५० डॉलरला आली.

पहिली पायरी: पैसे कशाचे देतो आहोत, हे ठरवणे

अशा मोटारीतून तीन गोष्टी मिळू शकतात: बांधणीचा आनंद, घरात मांडून ठेवण्याजोगी वस्तू आणि पुढे कधीतरी विकून पैसे परत मिळण्याची शक्यता. एकाच संचातून या तिन्ही गोष्टी पुरेपूर मिळत नाहीत. विक्रीसाठी घेतलेला खोका उघडता येत नाही, म्हणजे बांधणी आणि मांडणी दोन्ही गेली. आणि मांडणीसाठी घेतलेल्या मोटारीवर धूळ व ऊन यांचा परिणाम होत राहतो, त्यामुळे विक्रीची किंमत उतरते. खरेदीनंतर येणारी हळहळ बहुधा एका गोष्टीसाठी पैसे देऊन दुसरीची अपेक्षा धरल्यामुळे येते. म्हणून वहीत एक ओळ लिहावी: ‘मी हे मुख्यतः अमुक कारणासाठी घेत आहे.’ पुढचे सर्व निर्णय त्या ओळीवर अवलंबून राहतात.

दुसरी पायरी: सुट्या भागांची संख्या नीट वाचणे

खोक्यावरचा मोठा आकडा पाहून भुलणे सोपे आहे. किंमत भागांच्या संख्येने भागली तर पोर्शेचा एक भाग साधारण ११ सेंटला, बुगाटीचा पावणेदहा सेंटला, डेटोनाचा साडेदहा सेंटला आणि पी१चा साडेअकरा सेंटला पडतो. या हिशेबाने बुगाटी सर्वांत स्वस्त ठरते. पण टेक्निकमध्ये दोन दांड्या एकमेकींना जोडण्यासाठी लहान पिना लागतात आणि त्या शेकड्यांनी असतात. पीन हाही एक भाग आणि मोटारीच्या बाजूचा प्लॅस्टिकचा मोठा वक्र पत्रा हाही एकच भाग, म्हणून केवळ सरासरीवरून दोन संचांची तुलना करणे फसवे आहे.

खरी तुलना करण्याचा मार्ग बिनखर्चाचा आहे. प्रत्येक संचाची सूचनापुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर सर्व भागांची चित्रे व संख्या छापलेली असते. ती यादी समोर ठेवून पिना वेगळ्या मोजाव्यात, मग चाके, टायर, दातेरी चक्रे, शॉक अॅब्सॉर्बर आणि बाहेरचे मोठे पत्रे पाहावेत. अर्ध्या तासाच्या या कामाने खोक्यात खरोखर काय आहे, याचा बराच अंदाज येतो.

मोटर व रिमोट असलेल्या वाहनांना हा हिशेब लागूच होत नाही. २०२३ मध्ये आलेल्या लीभर एलआर १३००० या क्रेनमध्ये २,८८३ भाग होते आणि किंमत मात्र ६८० डॉलर होती, म्हणजे एका भागाला साडेतेवीस सेंटच्या वर. हा फरक मुख्यतः विजेवर चालणाऱ्या मोटरी आणि फोनवरून चालणारी नियंत्रणव्यवस्था यांचा आहे. माझे मत असे की, निव्वळ मांडून ठेवण्यासाठी अशी वाहने घेऊ नयेत. प्लॅस्टिकचे ठोकळे पन्नास वर्षे टिकतात, फोनमधल्या अॅपबद्दल तसे कोणी सांगू शकत नाही.

तिसरी पायरी: आत काय आहे आणि त्यातले बाहेरून किती दिसते

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक खरेदीदार ओलांडून जातात. डेटोना एसपी३मध्ये आठ गीअरचा क्रमवार गीअरबॉक्स आहे, तो स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलतो, चाके फिरली की बारा सिलिंडरच्या इंजिनातील पिस्टन वरखाली होतात, चारही चाकांना सस्पेन्शन आहे, दारे फुलपाखराच्या पंखांसारखी वर उघडतात आणि छत काढता येते. यादी भारदस्त आहे. मात्र बांधणीचा पहिला मोठा टप्पा जो गीअरबॉक्स उभारण्यात जातो, तो वरचे पत्रे चढल्यावर पूर्णपणे झाकला जातो. गीअर बदलल्याचा पुरावा म्हणजे पिस्टनच्या वेगात पडणारा थोडा फरक. शोकेसमध्ये उभ्या असलेल्या मोटारीत तोही दिसत नाही.

टेक्निकचा पूर्वेतिहास पाहिला तर हा बदल अधिक स्पष्ट होतो. १९७७ मध्ये टेक्निक सुरू झाले तेव्हाच्या मोठ्या मोटारीला बाहेरचे अंगच नव्हते. ती उघडी चासिस, म्हणजे नुसता सांगाडा होती, सगळी दातेरी चक्रे नजरेसमोर फिरत. १९९४ मध्ये आलेल्या ८८८० क्रमांकाच्या सुपरकारमध्येही सांगाडा बराच उघडा होता. आजच्या मोटारी दिसायला खऱ्या मोटारीच्या कितीतरी जवळ गेल्या आहेत, पण त्यासाठी यंत्रणा झाकावी लागली आहे. म्हणून ज्याला यंत्रणा समजून घेत सावकाश बांधण्यात रस आहे, त्याला या किमतीचा मोठा हिस्सा बांधतानाच वसूल होतो. ज्याला केवळ तयार मोटार पाहायची आहे, तो न दिसणाऱ्या गीअरबॉक्सचे पैसे देतो.

अशा संग्राहकाने टेक्निक सोडून लेगोच्याच दुसऱ्या मालिकेकडे अवश्य पाहावे. २०२१ मध्ये आलेली पोर्शे ९११ ही १०२९५ क्रमांकाची मोटार १,४५८ भागांची, सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीची आणि १५० डॉलरची होती. तिच्यात गीअरबॉक्स नाही, पण अंग सलग आहे, आतली बैठक नेटकी आहे आणि टर्बो किंवा टार्गा यांपैकी एक प्रकार बांधता येतो. टेक्निकच्या मोटारींत पत्र्यांच्या मधल्या फटी आणि पिनांची भोके जवळून दिसतात. काहींना तेच त्यांचे सौंदर्य वाटते, काहींना खटकते. छायाचित्रावरून याचा निर्णय करू नये, कारण जाहिरातीतला प्रकाश फटी लपवतो. कोणाकडे बांधलेली मोटार असेल तर हातभर अंतरावरून प्रत्यक्ष पाहावी.

यंत्रणा निर्दोष असतेच असेही नाही. २०१६च्या पोर्शेमध्ये मूळ सूचनांप्रमाणे बांधल्यास गीअर १, ३, २, ४ अशा क्रमाने पडत, हे जाणकारांनी लगेच दाखवून दिले होते. संच नवा असताना घाई करण्यापेक्षा काही महिने थांबून बांधणाऱ्यांचे सविस्तर अनुभव पाहणे म्हणूनच शहाणपणाचे असते.

चौथी पायरी: जागा मोजणे आणि सोलापूरच्या हवेचा विचार करणे

डेटोना ५९ सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर उंच आहे. बाकीच्या भावंडांतही फार फरक नाही. भिंतीला समांतर ठेवायची तर ३० सेंटिमीटर खोलीचे शोकेस चालते, पण तेव्हा मोटारीची फक्त एक बाजू दिसते. पुढचा भाग २० अंशांनी वळवला तर साधारण ४४ सेंटिमीटर खोली आणि ६४ सेंटिमीटर रुंदी लागते. ४५ अंशांत ठेवायची तर दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटरच्या आसपास. घरातली दिवाणखान्याची शोकेस सहसा एवढी खोल नसतात, हे संच आल्यावर लक्षात येण्यापेक्षा आधी टेपने मोजलेले बरे. दारे वर उघडी ठेवायची असतील तर वरच्या फळीपर्यंत मोटारीच्या उंचीच्या दुप्पट जागा सोडावी. वर्तमानपत्र त्या मापाने कापून, ठरवलेल्या जागी आठवडाभर ठेवून पाहावे. घरातल्यांचा खरा विरोध किंवा होकार तेव्हाच कळतो.

आता ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जाणे सोलापूरकरांना नवे नाही. लेगोचे ठोकळे एबीएस प्लॅस्टिकचे असतात आणि ते सुमारे १०० अंशांपुढे मऊ पडू लागते, त्यामुळे उन्हाळ्याने मोटार वितळेल ही भीती निराधार आहे. खरे नुकसान अतिनील किरण करतात. खिडकीची साधी काच त्यांतले काही किरण अडवते, सगळे नाही, आणि महिनोन्‌महिने ते पडत राहिले की पांढरा, फिकट करडा व निळा हे रंग बदलू लागतात. लाल व काळ्या रंगांत फरक कमी जाणवतो. निळ्या बुगाटीच्या मालकाने म्हणून लाल डेटोनाच्या मालकापेक्षा जास्त काळजी घ्यावी. पश्चिमेची खिडकी सर्वांत वाईट, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन थेट फळीवर येते. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आत शिरते. उत्तरेची भिंत त्यातल्या त्यात सुरक्षित. पण सोलापूर साधारण साडेसतरा अंश अक्षांशावर असल्याने मे ते जुलै या काळात मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला सरकतो, तेवढ्यापुरता पडदा ओढावा. पत्र्याच्या छताच्या खोलीत मोटार ठेवू नये. तिथल्या उष्णतेने ठोकळ्यांना धोका नसला तरी स्टिकरचा गोंद सुकतो, कडा उचलल्या जातात आणि त्याखाली धूळ शिरते.

धुळीचा प्रश्न आपल्याकडे दुहेरी आहे. कोरड्या हवेतली माती सगळीकडेच असते. त्यात शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या घरात सुताची बारीक लव हवेतून येते आणि ती मातीपेक्षा वाईट, कारण पिनांच्या भोकांत व दातेरी चक्रांत अडकली की फुंकरीने निघत नाही. उघड्या फळीवर मोटार ठेवण्याचा विचार तिथे सोडूनच द्यावा. काचेचे किंवा अॅक्रिलिकचे बंद आवरण हा संचाच्या किमतीचाच भाग समजावा आणि अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच धरावा. स्थानिक काचवाल्याकडून मापाने करून घेतलेली पेटी तयार आवरणापेक्षा बहुधा स्वस्त पडते. फक्त दाराच्या फटीला रबरी पट्टी लावण्यास सांगावे.

पाचवी पायरी: रुपयांतली किंमत आणि खरेदी

डॉलरची किंमत चालू दराने गुणून जो आकडा येतो, तो आपल्याकडील दुकानातल्या किमतीशी जुळत नाही. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. परदेशातून येणाऱ्या आप्ताकडून संच मागवण्याचा मोह म्हणूनच होतो. पण मोठ्या संचाचा खोका सामानाच्या पेटीत मावत नाही, आणि खोका सोडून फक्त पिशव्या आणल्या तर पुढील विक्रीची किंमत घसरते. पहिल्या पायरीत लिहिलेली ओळ इथे उपयोगी पडते: बांधणीसाठी घेत असाल तर खोक्याशिवाय आणण्यात काहीच तोटा नाही.

ऑनलाइन मागवताना खोका बाहेरच्या दुसऱ्या जाड खोक्यात येईल का, हे विक्रेत्याला आधी विचारावे. पार्सल उघडताना सलग चित्रफीत घ्यावी, तीत पत्त्याची चिठ्ठी आणि खोक्याचे सहाही पृष्ठभाग यावेत. नंतर एखादी पिशवी कमी निघाली किंवा खोका चेपलेला असला तर वाद घालण्यास आधार राहतो. एखाददुसरा भाग कमी निघाल्यास कंपनीच्या ग्राहकसेवेकडे भागाचा क्रमांक देऊन मागणी नोंदवता येते.

किंमत बाजारभावापेक्षा निम्म्याहून कमी दिसली तर नक्कल असण्याची शक्यता धरावी. खऱ्या लेगोत ठोकळ्याच्या प्रत्येक गोल उंचवट्यावर कंपनीचे नाव उठवलेले असते, नकलेत ते नसते. लेपिन या नावाने नकला करणाऱ्यांवर शांघायच्या पोलिसांनी २०१९ मध्ये छापे घातले आणि २०२० मध्ये न्यायालयाने शिक्षाही सुनावल्या. तरी असा माल वेगवेगळ्या नावांनी मिळतच राहतो. काडा, मोल्ड किंग यांसारख्या चिनी कंपन्यांच्या स्वतःच्या रचनांचे संच मात्र वेगळ्या गटात मोडतात. ते कमी खर्चात बांधणीचा आनंद देतात, पण लेगोच्या संग्रहात त्यांची गणना होत नाही.

सहावी पायरी: वापरलेला संच घेताना

पुणे-मुंबईच्या संग्राहकांकडून बांधलेल्या मोटारी विकायला येतात आणि त्यांत चांगला सौदा साधू शकतो. मोटार उलटी करून खालून घेतलेले छायाचित्र मागावे, कारण वरून नीट दिसणाऱ्या मोटारीतही खालच्या पिना गायब असू शकतात. प्रत्येक गीअरमध्ये चाक फिरवून पिस्टन हलतानाची चित्रफीत मागावी. पोर्शे व बुगाटी यांच्या संचांत प्रत्येक मोटारीला स्वतंत्र अनुक्रमांक दिलेला छापील भाग आहे. तो जागेवर आहे का, हे पाहावे, कारण तो हरवला तर तसाच दुसरा मिळत नाही. गडद लाल आणि तपकिरी रंगांचे काही वर्षांपूर्वीचे भाग ठिसूळ निघतात, ही जुनी आणि सर्वज्ञात तक्रार आहे. ते काढताना मोडतात, म्हणून अशा रंगांच्या जुन्या मोटारी शक्यतो बांधलेल्याच स्वरूपात न घेता, भाग वेगळे करून तपासल्यावर घ्याव्यात.

पुनर्विक्रीबद्दल थोडक्यात. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील संचांच्या किमती अभ्यासून सरासरी वार्षिक परतावा किमान ११ टक्के असल्याचे मांडले. हा आकडा उत्पादन बंद झालेल्या, न उघडलेल्या संचांचा आहे, आणि सरासरीच्या आत मोठे चढउतार आहेत. २००७ मध्ये आलेले ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतले मोठे मिलेनियम फाल्कन यान अनेक वर्षे चढ्या भावाने विकले जात होते. २०१७ मध्ये कंपनीनेच ७,५४१ भागांचे नवे फाल्कन बाजारात आणले आणि जुन्याची किंमत खाली आली. सोलापुरात ग्राहक मोजके, पाठवणीचा खर्च आणि जोखीम आपल्यावर, खोका उन्हाळे-पावसाळे सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच. गुंतवणूक म्हणून ही मोटार घेऊ नये, असेच मी सांगेन.

सातवी पायरी: बांधणी

गीअरबॉक्सचा टप्पा संपला की थांबावे. पुढचा भाग जोडण्यापूर्वी आस हाताने फिरवून सर्व गीअर क्रमाने पडतात का, हे तपासावे, कारण नंतर चूक दुरुस्त करायची तर अर्धी मोटार उलगडावी लागते. फिरवताना जड लागत असेल तर बहुतेक वेळा आसावरच्या कड्या फार घट्ट दाबलेल्या असतात. कडी आणि दांडी यांमध्ये केसभर अंतर ठेवले की घर्षण कमी होते. गीअर मध्येच चुकत असेल तर बदलणारा भाग ९० अंशांनी चुकीचा बसलेला आहे का, हे पाहावे. स्टिकर सर्वांत शेवटी, पंखा बंद करून, हात धुऊन कोरडे केल्यावर लावावेत.

आठवी पायरी: देखभाल

मोटार चाकांवर महिनोन्‌महिने उभी राहिली की सस्पेन्शनवर भार राहतो आणि ती बसकी दिसू लागते. चासिसखाली मध्यभागी ठोकळ्यांचाच एक ठेपा द्यावा, चाके जमिनीला जेमतेम टेकावीत. धूळ झटकण्यासाठी रंगाचा मऊ, रुंद ब्रश वापरावा. फटींसाठी कॅमेऱ्याच्या भिंगावर वारा मारणारा रबरी फुगा चांगला. सोलापुरी टॉवेल कितीही नावाजलेला असला तरी या कामाला घेऊ नये, कारण त्याचे उभे टाके कडांना अडकतात आणि मागे सूतच ठेवून जातात.

पाण्याने धुण्याची वेळ आलीच तर स्टिकर लावलेले आणि विजेचे भाग बाजूला काढावेत. सौम्य साबण आणि ४० अंशांपेक्षा थंड पाणी, अशी कंपनीची सूचना आहे. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणी त्याहून गरम असू शकते, तेव्हा हे काम सकाळी करावे. बोअरचे पाणी जड असल्याने वाळल्यावर काळ्या व लाल भागांवर पांढरे डाग उमटतात; शेवटचे विसळणे फिल्टरच्या पाण्याने करावे आणि भाग जाळीच्या चाळणीत, सावलीत, पंख्याखाली पसरून वाळवावेत. पिनांच्या भोकांतले पाणी निघायला रात्र लागते, म्हणून जोडणी दुसऱ्या दिवशी सुरू करावी.